आखूड केसांच्या घरात लांब केसांचं पिल्लू

'खाण तशी माती' असं आपण मराठीत म्हणतो. तीच गोष्ट आपल्या कानडी आज्जी 'तायियंते मगळु, नूलिनंते सीरे' अशी सांगतात. म्हणजे आई तशी लेक, सूत तसं लुगडं. सीमाभागातल्या आपल्यासारख्या घरांत या दोन्ही म्हणी एकाच ओसरीवर ऐकायला मिळतात. बाळ जन्मलं की बारशाच्या आधीच पंचायत बसते. नाक कुणाचं, रंग कुणाचा, केस कुणाचे? एकीकडून 'कुणावर गेलंय गं?' आणि दुसरीकडून 'यार हागे इद्दाळे?' बाळ आई-बापांपैकी कुणासारखंच दिसत नसेल, तर मात्र बोलण्याचा सूर बदलतो, आणि बोलणं बहुतेक वेळा बाळंतिणीच्या वाट्याला येतं.

या दोन्ही म्हणी खोट्या नाहीत, पण अर्ध्याच खऱ्या आहेत. उरलेला अर्धा भाग मला कळला तो इंदूरला, आणि तोही वीतभर लांबीच्या एका प्राण्यामुळे.

माझी मामेबहीण निपाणीची. लग्न होऊन ती इंदूरच्या खजराना भागात गेली. खजराना म्हटलं की तिथला गणपती आठवतो. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं असं मानतात. भाविक देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि तो फेडायला आले की सुलटं काढतात. त्याच वस्तीत नाहरशाह वलींचा दर्गाही आहे. होळकरांच्या काळापासून मराठी माणसं या शहरात रुजली. त्यांच्या घरात मराठी शिल्लक आहे, पण तिच्यात हिंदी अशी मुरली आहे की 'गाडी थोडी साइडला लावून दे ना' हे कुणाला वेगळं वाटतच नाही. आपल्या मराठीत कानडी मुरली आहे, तशीच ती.

या घरातल्या माझ्या भाचीनं हॅमस्टरची जोडी पाळली होती. दुकानदारानं 'दोन्ही मादी आहेत, एकाच वीणीच्या आहेत' असं सांगून ती दिली. दोन्ही सोनेरी-तपकिरी आणि आखूड केसांच्या. काही दिवसांतच कळलं की त्यातला एक नर होता. पिंजऱ्यात आठ पिल्लं झाली. हॅमस्टरला मराठीत अजून नाव नाही आणि कानडीतही नाही. बहिणीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, त्याला 'बाप्पाचं वाहन' म्हणतात. खजरान्यात राहणाऱ्या बाईनं दुसरं काय म्हणावं?

पिल्लं महिन्याची व्हायला आली तेव्हा त्यातल्या दोघांचे केस वेगळे दिसू लागले. एक नर होता. त्याचा मागचा भाग झालर लावल्यासारखा भरू लागला. दुसरी मादी. तिच्या कानांमागे आणि कुल्ल्यांवर नुसते झुबके. बाकीची सहा आई-बापांसारखीच गुळगुळीत. भाचीनं विचारलं, "मावशी, आई-बाबा दोघंही आखूड केसांचे, मग याचे केस आले कुठून?" काकू पटकन म्हणाल्या, "बाहेरचं काहीतरी आलं असेल." पण पिंजऱ्यात बाहेरचं कोण येणार? त्या क्षणी माझ्या मनात हॅमस्टर नव्हते. माणसांच्या घरात हेच वाक्य किती सहज बोललं जातं, ते आठवत होतं.

एका वारुळाचा वंश

या पिल्लांचे केस समजून घ्यायचे तर त्यांचं कुळ पाहावं लागतं. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या हॅमस्टरला सीरियन किंवा सोनेरी हॅमस्टर म्हणतात. वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर बरीच वर्षं त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अॅडलर हे डॉक्टर काळा आजारावर संशोधन करत होते. हा काळा आजार म्हणजे आपल्या बिहार-बंगालला पिढ्यान् पिढ्या छळणारा तोच रोग. प्रयोगासाठी ते चीनमधले हॅमस्टर वापरत, पण ते कोंडून ठेवले की पैदास होत नसे. म्हणून त्यांना जवळच्या प्रदेशातली जात हवी होती.

त्यांचे सहकारी, प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी, एप्रिल १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ गेले. गव्हाचं एक शेत खणून त्यांनी एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. घाबरलेल्या मादीनं एक पिल्लू मारलं. उरलेली पिल्लं हातानं वाढवावी लागली. त्यातली काही पळाली, काही मेली, आणि शेवटी बोटांवर मोजण्याइतकी भावंडं राहिली. त्या भावाबहिणींपासूनच प्रजा वाढली. १९३१ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि १९३८ मध्ये अमेरिकेला. आज जगभरच्या घरांत जे सोनेरी हॅमस्टर पाळले जातात ते जवळजवळ सगळे त्या एकाच वीणीचे वंशज आहेत. जोधपूर असो की जपान, सगळी एका बिळातली भावकी!

ही सगळी भावकी आखूड केसांची होती. लांब केसांचं पिल्लू पहिल्यांदा नजरेत आलं ते १९७२ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे त्या शेतातल्या बिळापासून बेचाळीस वर्षांनी. हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा असतो, त्यामुळे एवढ्या काळात किती पिढ्या झाल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

चिंचोके आणि कवड्या

भाचीला हे समजावताना मी पाटीवर काही लिहिलं नाही. काकूंच्या सारीपाटाच्या डब्यातल्या कवड्या घेतल्या आणि स्वयंपाकघरातून मूठभर चिंचोके आणले. चिंचोका म्हणजे 'केस आखूड ठेव' हा हुकूम. कवडी म्हणजे 'केस वाढू दे'. प्रत्येक प्राण्याच्या मुठीत असे दोन दाणे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. या दाण्याला शास्त्रात जनुक म्हणतात. कानडी शाळेत शिकलेली मुलं त्याला 'वंशवाही' म्हणून ओळखतात.

खेळाचा नियम एकच. मुठीत एक जरी चिंचोका असला तरी केस आखूड राहतात. कवडी असली तरी ती गप्प बसते. दोन्ही दाणे कवड्याच असले तरच केस लांब होतात. चिंचोका प्रभावी, कवडी अप्रभावी.

आता भाचीच्या जोडीकडे पाहा. दोघांच्याही मुठीत एक चिंचोका आणि एक कवडी होती. दिसायला दोघं आखूड. पिल्लाला प्रत्येकाकडून एक दाणा मिळतो, कोणता ते नशिबावर. त्यातून चार प्रकार निघतात. चिंचोका-चिंचोका, चिंचोका-कवडी, कवडी-चिंचोका आणि कवडी-कवडी. चारातलं एक लांब केसांचं. आठ पिल्लांत दोन निघाली, हिशेब जुळला. मात्र तो दर वेळी इतका नेमका जुळेलच असं नाही. नाणं चार वेळा उडवलं तर दोनदाच छापा पडतो का?

ऑस्ट्रियातल्या मठात राहणाऱ्या मेंडेलनं हाच हिशेब वाटाण्यावर मांडला होता. उंच आणि बुटक्या रोपांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी उंच निघाली. पण ती आपापसांत वाढवल्यावर ७८७ उंच आणि २७७ बुटकी मिळाली. साधारण तीनास एक. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, आणि जगाला त्याचं महत्त्व कळायला १९०० साल उजाडलं.

आखूड दिसणाऱ्या सहा पिल्लांकडेही नीट बघायला हवं. अशा प्रत्येक तीन पिल्लांत सरासरी दोघांच्या मुठीत एक कवडी लपलेली असते. ती वाहक. त्यांना पाहून काही कळत नाही, केसांवरून नाही आणि वजनावरूनही नाही. पुढच्या पिढीत दुसऱ्या वाहकाशी गाठ पडली तरच ती कवडी बाहेर येते.

केस थांबायचा हुकूम

ही कवडी प्रत्यक्षात काय करते? आपल्या डोक्यावरचा प्रत्येक केस कायम वाढत नाही. काही काळ वाढतो, मग थांबतो, विसावतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. माणसाच्या डोक्यावर ही वाढ काही वर्षं चालते, म्हणून वेणी कमरेपर्यंत पोचते. भुवईचा केस मात्र काही महिन्यांतच थांबतो, म्हणून भुवयांची वेणी घालावी लागत नाही.

'आता थांब' हा निरोप देणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव एफजीएफ-५. १९९४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हे प्रथिन नसलं तर केस थांबतच नाहीत, वाढतच राहतात. पुढे लांब केसांच्या कुत्र्या-मांजरांतही याच जनुकात बिघाड सापडला. २०१४ मध्ये ज्या काही माणसांच्या पापण्या विलक्षण लांब वाढतात, त्यांच्यातही हाच जनुक निघाला. आणि २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी हॅमस्टरचं कोडं सोडवलं. त्याच्या एफजीएफ-५ मधलं एकच अक्षर गळलं होतं. एक अक्षर गळलं की पुढचं सगळं वाक्य चुकतं, निरोप वाचता येत नाही आणि केस वाढत राहतो.

वाचकहो, एवढं कळल्यावरही एक गाठ उरतेच. भाचीच्या नराला झालर आली, पण मादीला नुसते झुबके का? दोघांच्याही मुठीत दोन-दोन कवड्याच होत्या. याचं उत्तर नराच्या संप्रेरकात आहे. त्याच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनमुळे लांब केसांना जोर मिळतो. मादीत ते कमी, म्हणून तिचे केस मध्यमच राहतात. कित्येकदा अशी मादी नवख्याला आखूड केसांचीच वाटते. म्हणजे जनुक सारखा असूनही देहाप्रमाणे त्याचं रूप बदलतं. दिसतं त्यावरून मुठीत काय आहे ते सांगता येत नाही, हे इथे दुसऱ्यांदा सिद्ध होतं.

मोह आणि किंमत

भाचीला आता लांब केसांची आणखी पिल्लं हवी होती. "भाऊ-बहिणीची जोडी लावू, दोघांचे लांब केस, सगळी पिल्लं लांबच होतील," तिनं हिशेब बरोबर मांडला. कवड्या-कवड्यांत चिंचोका कुठून येणार? पण बहिणीनं तिला थांबवलं, आणि मला ते पटलं.

कारण एका बिळातून आलेल्या या भावकीत आणखीही दाणे लपलेले असतात आणि ते सगळेच केसांसारखे निरुपद्रवी नसतात. हॅमस्टरमध्ये पोट पांढरं करणारा एक जनुक आहे. एक दाणा असला तर पिल्लू देखणं दिसतं. नर-मादी दोघांतही तो असेल तर सरासरी चारातलं एक पिल्लू दोन दाणे घेऊन जन्मतं, आणि ते पांढरंशुभ्र, पण डोळ्यांविना असतं. रंग आणि केस यांच्या मागे लागून डोळे मिटून जोड्या लावणाऱ्याच्या पिंजऱ्यात ही पिल्लं येतात, आणि ती ग्राहकाला कधीच दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न जागेचा. सीरियन हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. मोठे झालेले दोघे एका पिंजऱ्यात राहिले की रक्त सांडतं. आठ पिल्लं म्हणजे महिना-दीड महिन्यात आठ पिंजरे किंवा आठ भरवशाची घरं. तेवढी आहेत का, हे आधी मोजावं. प्राणी विकणाऱ्या दुकानांना २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्राणी घेताना त्या नोंदणीची चौकशी करायला संकोच बाळगू नये. नर-मादी ओळखता न येणाऱ्या दुकानातून तर जोडी घेऊच नये, एकच घ्यावा.

आज्जीच्या माथी आलेलं ग्रहण

हे सगळं मी एका पिंजऱ्यापुरतं लिहीत नाही. माझं आजोळ कानडी. माझ्या आज्जीचं लग्न तिच्या सोदरमावाशी, म्हणजे सख्ख्या मामाशी झालं होतं. त्या काळी ती मानाची गोष्ट होती. घरातली मुलगी घरात, जमीन घरात. तिचा थोरला मुलगा, माझा मोठा मामा, जन्मतःच बहिरा निघाला. त्याच्या आधीच्या पिढीत कुणी बहिरं नव्हतं. मग कारण शोधलं गेलं आणि ते आज्जीवर येऊन थांबलं. ती पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं आणि तिनं भाजी चिरली होती म्हणे. आज्जी ऐंशी वर्षं जगली आणि प्रत्येक ग्रहणाला हातपाय न हलवता अंधाऱ्या खोलीत बसून राहिली, पोटात कुणी नसतानासुद्धा.

मामाची तपासणी कधी झाली नाही. पण जन्मजात बहिरेपणाच्या अनेक घराण्यांत आज डॉक्टरांना चिंचोके-कवड्यांचाच खेळ सापडतो. आई-बाप दोघंही नीट ऐकणारे, दोघांच्याही मुठीत एकेक मुकी कवडी. रक्तातल्या नात्यात ती कवडी एकाच पूर्वजाकडून दोघांकडे आलेली असू शकते, म्हणून गाठ पडण्याचा संभव वाढतो. मामा-भाचीत सरासरी पाव हिस्सा जनुक समान असतात. आते-मामे भावंडांत एक अष्टमांश.

हे वाचून कुणी घाबरू नये आणि कुणाला हिणवूही नये. कर्नाटकात आजही साधारण चारातली एक स्त्री नात्यातच लग्न झालेली आहे. आपल्या मराठी घरांतही मामाच्या मुलीवर हक्क सांगितला जातोच. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जवळच्या नात्यातली लग्नं नाकारतो, पण जिथे तशी रूढी आहे तिथे सूट देतो. कोणत्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः गंभीर दोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुसंख्य मुलं धडधाकटच जन्मतात. पण ज्या घरात आधीच एखादा दोष दिसला आहे, त्या घरात हा हिशेब बदलतो, आणि तो आधी विचारलेला बरा.

थॅलेसेमियाचं उदाहरण घ्या. त्याचा वाहक दिसायला ठणठणीत असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक संभव की बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागेल. भाचीच्या पिंजऱ्यातल्या केसांचा जो हिशेब, तोच इथला. फरक एवढाच की इथे रक्ताच्या एका साध्या तपासणीत मुठीतली कवडी दिसते. पत्रिका दहा ठिकाणी दाखवणाऱ्यांनी हीही एक पत्रिका पाहावी, नात्यातलं स्थळ असो वा परकं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. माणसाचा रंग, नाक, उंची, कुरळे केस, घारे डोळे हे एकेका दाण्यावर ठरत नाहीत. अनेक दाणे मिळून ते ठरवतात. म्हणूनच दोन सावळ्या माणसांच्या पोटी गोरं मूल आणि दोन सरळ केसांच्या माणसांच्या पोटी कुरळं मूल जन्मू शकतं, आणि त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पणजीच्या पणजीचा दाणा सहा पिढ्या गप्प राहून सातव्या पिढीत बोलतो. त्यासाठी सुनेकडे बोट दाखवणं म्हणजे आपल्याच पूर्वजांना न ओळखणं.

ज्यांच्या घरी लांब केसांचा पाहुणा आहे त्यांच्यासाठी

लांब केसांच्या नराच्या झालरीत लाकडाचा भुसा अडकतो आणि गाठी होतात. त्याऐवजी कागदाचे मऊ कपटे अंथरावेत. कापसासारखं तंतुमय अंथरूण टाळावं, ते पायाला गुंडाळलं जातं. मुलाच्या मऊ दात घासायच्या ब्रशनं आठवड्यातून दोन-तीनदा हलकेच विंचरावं. सुटत नसलेली गाठ ओढू नये, बोथट कात्रीनं कापून टाकावी. पाण्यानं आंघोळ घालू नये. कोरड्या बारीक वाळूचं ताट ठेवलं की तो स्वतःच लोळून स्वच्छ होतो. बेळगाव-खानापुरात फारसा त्रास नाही, पण इंदूरसारखा चाळिशी ओलांडणारा उन्हाळा असेल तर पिंजरा खिडकीतून हलवावा आणि खाली थंड फरशी द्यावी. आयुष्य दोन-तीन वर्षांचं असतं. मुलांना ते आधीच सांगून ठेवावं.

भाचीनं आठही पिल्लांसाठी एकेक वहीचं पान केलं आहे. घरं शोधून देताना ते पान सोबत दिलं. आई कोण, बाप कोण, केस कसे, आणि शेवटी एक ओळ: 'हा आखूड केसांचा आहे, पण याच्यात लांब केस लपलेले असू शकतात. विचारल्याशिवाय जोडी लावू नका.' काकूंनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी अशी पानं असती, तर पुष्कळ बायकांचं रडणं वाचलं असतं." आपल्या घरातही असं एक पान असावं. कुणाला काय होतं, कुणाचं मूल का गेलं, कुणाचं लग्न कुठल्या नात्यात झालं, हे आजी-आज्जी आहेत तोवर, मराठीत किंवा कानडीत, विचारून लिहून ठेवायला हवं.